ओटीतली बोरमाळ

भवानी पेठ, सोलापूर
१९ जानेवारी २०२५

चि. अपेक्षास,

सिद्धरामेश्वराच्या कृपेनं इकडे सगळं ठीक. तू वेळेवर जेवत असशील असं धरून चालते.

तू म्हणालीस, "आई, पत्र कशाला, फोनवर बोल की." पण मी फोन घेतला की तुझे अप्पा दुकानातून आत येऊन उभे राहतात. तुझ्याशी बोलायचं नाही, पण ऐकायचं मात्र असतं. आणि तुझा आवाज आला की मला रडू येतं, सांगायचं ते राहून जातं. कागदावर रडता येत नाही, शाई पसरते.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत या वर्षी तू नव्हतीस. देवाच्या लग्नाच्या अक्षतांना गर्दी फार होती, मी लांबूनच हात जोडले. घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "पुण्याच्या कंपनीत होती तवा दर वर्षी यायची. आता जनतेची सेवा करती म्हणं. मग आईबाप जनतेत येत न्हाईत व्हय?" मी ताट वाढायला घेतलं. पण पेठेत कोणी विचारतं, "पोरगी एवढी चांगली कंपनी सोडून रेशनची पोती मोजायला का गेली हो?" तेव्हा मीही विषय बदलून पुढे निघते. दोन वर्षं अभ्यास केलास, परीक्षा पास झालीस, पुरवठा निरीक्षक झालीस, सगळं मान्य. पण तिथे मिळायचा त्याच्या निम्मा पगार, वर गावोगाव धूळ खात फिरायचं. असो. हे मागेही बोलून झालं आहे.

एक सहज विचारते. तुझ्याकडे करमाळ्याला आबासाहेब म्हणून कोणी आहेत का? माणसं कशी आहेत?

थंडीत केस धुवून ओले ठेवू नकोस.

तुझी आई


करमाळा
२३ जानेवारी २०२५

आई,

आबासाहेब हे नाव तुला कोणी सांगितलं? पत्र वाचताना तिथेच अडकले.

इथून जवळच्या एका गावात त्यांचं रेशन दुकान आहे. आठ तारखेला मी ते तपासलं. अंगठ्याच्या मशीनवर सगळ्यांना धान्य दिल्याचं दिसतं, आणि लोक म्हणतात मिळालं नाही. गोदामात एक्केचाळीस क्विंटल गहू-तांदूळ कमी भरला. दगडाबाई म्हणून ऐंशीच्या आसपासची एकटी म्हातारी आहे. तीन महिने तिचा अंगठा घेतलाय आणि दाणा दिलेला नाही. मला म्हणाली, "माय, अंगठा घ्यायच्या टायमाला लई माया दावतो, गहू द्यायच्या टायमाला वळखत न्हाय." सगळ्या गावासमोर म्हणाली आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही.

पंचनामा झालाय. दहा फेब्रुवारीला माझा अहवाल तहसीलदार साहेबांकडे जाईल. त्यावर दुकानाचा परवाना राहणार की जाणार ते ठरेल.

परवा तेच आबासाहेब ऑफिसात आले. रागानं येतील असं वाटलं होतं, तर हसत आले. "मॅडम, आता काय, आपण घरचंच झालो की!" शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. मला काही कळेना.

कंपनी का सोडली असं लोक विचारतात ना? तीन वर्षं तिथे काम केलं, पण माझ्या कामानं कोणाचं पोट भरलं की कोणी उपाशी राहिलं, हे मला एकदाही दिसलं नाही. इथे दिसतं. एवढंच सांगत जा.

नाव का विचारलंस ते खरं लिही. फोनवर नको. इकडे लोक बोलणी साठवून ठेवतात.

अपेक्षा


भवानी पेठ, सोलापूर
२६ जानेवारी २०२५

चि. अपेक्षास,

एवढं घाबरण्यासारखं काही नाही. सतरा तारखेला, शुक्रवारी, त्यांची बायको आपल्याकडे आली होती. रुपाली नाव. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. दारातूनच म्हणाली, "काकू, गड्ड्याला आलो हुतो. मॅडम मला बहिणीगत हायती. तुमची वटी भरल्याबिगर मी जायची न्हाय बगा."

मी म्हटलं, अगं तू पाहुणी, मीच तुला हळदीकुंकू लावते. तर म्हणाली, "ते लावाच, पण नगं म्हणू नका. रूपाभवानीला नवस बोललेय मी."

संक्रांतीचं हळदीकुंकू, शुक्रवार, आणि उंबऱ्यात सवाष्ण. तूच सांग, नको कसं म्हणायचं? मी पाट मांडला, पदर पसरला. खण, नारळ, तांदूळ, तिळगूळ, हिरव्या बांगड्या. तिच्या ड्रायव्हरनं उंबऱ्याबाहेरून मोबाईलवर फोटो काढला, आठवण म्हणून. चहा घेऊन गेली. बोलायला गोड आहे.

बाकी काही नव्हतं. नारळाची चटणी केली. ओटीचे तांदूळ बाहेर द्यायचे नसतात म्हणून भात करून आम्ही दोघांनी खाल्ला. तू काळजी करू नकोस.

आई


करमाळा
२९ जानेवारी २०२५

आई,

ती ओटी तुझी नव्हती. ती माझ्या सहीची होती.

पुन्हा विचारते आणि नीट आठवून लिही. खणाच्या घडीत, तांदळात, बांगड्यांच्या पुडीत, कुठेही काही होतं का? कारण आज आबासाहेब जिन्यात भेटले. म्हणाले, "आईस्नी माळ पसंत पडली का?" मी म्हटलं, कसली माळ? ते नुसते हसले. "असू द्या, असू द्या. बायकांचं बायकांत." आणि खाली उतरून गेले.

तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. म्हणूनच भीती वाटते, की बोलली असशील तर मला ओळखता येणार नाही.

काही असेल तर ते जसं आहे तसं ठेव. कपाटात ठेव आणि हात लावू नकोस. रविवारी मी येते. पंचांसमोर कागद करून ते ताब्यात घेऊ, म्हणजे तुझ्यावर काही यायचं नाही. तोवर कोणाला भेटू नकोस आणि त्यांच्या घरच्या कोणाचा फोन उचलू नकोस.

अपेक्षा


भवानी पेठ, सोलापूर
१ फेब्रुवारी २०२५

अपेक्षा,

तुझं पत्र काल आलं. मी घरी नव्हते. संध्याकाळी आले तेव्हा दाराच्या फटीतून आत टाकलेलं होतं, त्यावर पाय पडता पडता राहिला.

होती. बोरमाळ होती. खणाच्या घडीत. रुपाली गेल्यावर घडी उलगडली तेव्हा पडली. दीड तोळ्याची असेल, हातावर घेतली की कळतं. मी ती देवघरात देवीच्या फोटोमागे ठेवली आणि अप्पांना सांगितलं नाही.

आता खोटं कशाला लिहू? मला मोह झाला. तुझ्या लग्नासाठी मी किती शुक्रवार केलेत ते तुला माहीत आहे. मला वाटलं, देवीनं दिलं. सोनं असं कोणी ओळख नसताना देत नाही हे मलाही कळत होतं, म्हणून तर तुला नाव विचारलं. पण तू ती दगडाबाई लिहिलीस आणि त्या दिवसापासून देवघरासमोर बसवेना. पूजा करायची आणि फोटोमागे ते.

मग मला वाटलं, मी घातलेला घोळ मीच निस्तरावा, तुझ्या कानावरही जायला नको. ओटी परत करायची नसते. परत करणं म्हणजे त्या बाईच्या कुंकवाचं वाईट चिंतणं. पण ओटीला ओटी भरता येते. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतंच. काल शुक्रवार. अप्पांना कमळाभवानीला जाते म्हणून सांगितलं आणि पहाटेच्या एसटीनं करमाळ्याला आले. दर्शन घेतलं, तेवढं खोटं नव्हतं. मग रुपालीच्या घरी गेले. तिनं चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला होता. तिची ओटी भरली. नवा खण, नारळ, आणि तांदळाखाली तिचीच बोरमाळ. मी तोंडानं एक शब्द काढला नाही. पदराखालून तिनं चाचपलं ते मला दिसलं. "काकू, एवढ्या लांब कशाला आलात?" एवढंच म्हणाली.

येताना रिक्षा तुझ्या ऑफिसच्या फाटकापुढून गेली. मी तोंडावर पदर घेतला.

घरी आले तर तुझं पत्र. पंचांसमोर, असं लिहिलंयस. पंच कुठून आणू, अपेक्षा? बायकांच्या ओटीला पंच नसतात.

माळ तिची तिच्याकडे गेली. आता तर झालं ना?

आई


करमाळा
५ फेब्रुवारी २०२५

आई,

रविवारी घरी आले तेव्हा तू नुसती रडलीस. अप्पा बाहेरच्या खोलीत होते म्हणून मलाही काही विचारता आलं नाही. म्हणून लिहिते.

झालं नाही.

काल माझ्या फोनवर फोटो आला. तू पाटावर बसली आहेस, पदर पसरलाय, डोळे मिटून नमस्कार करते आहेस. आणि रुपालीच्या हातात, तुझ्या पदराच्या वर, ती माळ. घडीत घालायच्या आधी तिनं ती दोन बोटांत धरून दाखवली आहे. सोबत सराफाच्या पावतीचा फोटो, तिच्या नावाची.

आबासाहेबांना मी सांगितलं, माळ एकतीस तारखेला परत आली आहे. ते म्हणाले, "कुटली माळ परत? काकू आल्या, वटी भरली, गेल्या. कुनी बघितलंय का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमी कुटं तक्रार करायला निघालोय? घरचं मानूस ते. फक्त अव्हालात जरा सांभाळून घ्या. धा तारीख जवळ आली."

तू मला लिहिलेलं पत्र आहे, पण आईनं मुलीला लिहिलेलं पत्र कोण मानणार?

मी रात्रभर विचार केला. खोटा अहवाल मी लिहिणार नाही. आणि खरा लिहिला तर दुसऱ्या दिवशी तो फोटो लाचलुचपतवाल्यांकडे जाईल, ते तुला बोलावतील. ते मला बघवणार नाही. म्हणून राजीनामा लिहून ठेवलाय. दहा तारखेच्या आत देते. मी नसले तर त्या फोटोचा कोणाला उपयोग नाही. माझ्या जागी दुसरा निरीक्षक येईल, त्याला जे दिसेल ते तो लिहील. पुण्याच्या जुन्या मॅनेजरना फोन केला होता, जागा आहे म्हणाले.

अप्पांना सांग, शेवटी त्यांचंच खरं झालं.

अपेक्षा


भवानी पेठ, सोलापूर
७ फेब्रुवारी २०२५

अपेक्षा,

आधी हे वाच आणि मग बाकीचं. राजीनामा देऊ नकोस. दिला असशील तर परत माग.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी तशीच उठून दुकानात गेले आणि अप्पांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला त्यांनी "उद्या या" म्हणून लावून दिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"मला आधी का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही तिच्यावर रागावला होतात."

"राग तिच्यावर हुता. लपवलंस तू."

मग त्यांनी तुझी सगळी पत्रं मागितली. चष्मा लावून, काउंटरवर एकेक मांडून वाचली. मला वाटलं आता म्हणतील, बरं झालं, परत जाऊ दे कंपनीत. दोन वर्षं तेच तर म्हणत होते. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "ही पोरगी आठ तारखेला दुकान तपासून आली, तवापासनं त्या म्हातारीला गहू मिळाला का?"

मी म्हटलं, ते तिनं लिहिलेलं नाही.

"मग इचार तिला," म्हणाले, आणि बाहेर जाऊन पाच पानं कोऱ्या कागदाची घेऊन आले.

अर्ज मी लिहिला आहे. माझ्याच शब्दांत. नक्कल खाली देते.

"माननीय तहसीलदार साहेब, यांस. मी, सौ. महानंदा प्रभुलिंग, राहणार भवानी पेठ, सोलापूर, शिक्षण दहावी, काम घरकाम. आपल्या कार्यालयातील पुरवठा निरीक्षक अपेक्षा ही माझी मुलगी. दिनांक १७ जानेवारी रोजी रेशन दुकानदार आबासाहेब यांची पत्नी रुपाली हिने माझ्या घरी येऊन माझी ओटी भरली. त्यात सोन्याची बोरमाळ होती. ती मी मागितली नव्हती, पण मिळाल्यावर ठेवून घेतली. चौदा दिवस माझ्याकडे होती. या काळात मुलीला याची माहिती नव्हती. तिने विचारल्यावर मी तिला खोटे लिहिले. ३१ जानेवारी रोजी मी ती माळ ओटीतूनच परत दिली. त्याला साक्षीदार नाही. चूक माझी आहे, मुलीची नाही. तिने दुकानाचा जो अहवाल केला असेल तो माझ्या चुकीपायी बदलू नये, ही विनंती. मला केव्हाही बोलवावे, मी येईन."

अप्पांनी एकाच ठिकाणी हात लावला. मी "चुकून ठेवून घेतली" असं लिहिलं होतं. त्यांनी "चुकून" खोडायला लावलं.

आज सकाळी स्पीडपोस्टनं पाठवला. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

तू कंपनी सोडलीस तेव्हा मी मनातून नाखूश होते, हे तुला माहीत आहे. परत जायचं तर तुला नको झालं म्हणून जा. मी तुला एका शब्दानं अडवणार नाही. पण माझ्या पदरात जे पडलं त्यापायी गेलीस, तर मला देवासमोर बसायला जागा उरणार नाही.

आई


करमाळा
१२ फेब्रुवारी २०२५

आई,

तुझा अर्ज सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर होता. मी राजीनाम्याचं पाकीट हातात घेऊनच आत गेले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, "हे अक्षर ओळखता?"

मी उभ्या उभ्या वाचला. तुझा राग आला आई, खोटं सांगत नाही. कोणाला विचारून पाठवलास? मी सगळं अंगावर घेऊन निघून जाणार होते, आणि तू मध्येच दार लावून टाकलंस.

साहेब म्हणाले, "तुमच्या हातात काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. बाहेर येऊन पाकीट फाडलं. मग मूळ अहवाल दिला, एक्केचाळीस क्विंटलचा, एक आकडा न बदलता. त्याला माझं निवेदन जोडावं लागलं. त्यात लिहायचं होतं की कोणाकडून काय दिलं गेलं आणि कोणी घेतलं. 'स्वीकारणारी व्यक्ती' असं लिहून पुढे तुझं नाव घातलं. पूर्ण नाव. माझ्याच हातानं. त्याबद्दल मला माफ कर.

दुकानाची फाईल माझ्याकडून काढून घेतली आहे. दुसऱ्या तालुक्याचे अधिकारी पुन्हा तपासणी करतील. चौकशी आबासाहेबांची होईल, माझीही होईल. तोवर मी अभिलेख कक्षात जुनी दप्तरं लावत बसते. नोकरी राहील की नाही, कोणी सांगत नाही. आबासाहेब काल ऑफिसात आले होते. हसले नाहीत. तो फोटोही अजून कुठे पाठवलेला नाही. जे त्यात दिसतं ते तूच आधी लिहून दिलंस.

अप्पांना सांग, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. गहू अजून मिळालेला नाही. पण गावाला शेजारचं दुकान जोडून द्या असं मी अहवालात लिहिलंय, साहेबांनी त्यावर आज सही केली.

तुझा जबाब वीस तारखेला, सकाळी अकरा वाजता, तहसील कार्यालयात. रुपालीलाही बोलावलं आहे. नोटीस येईलच. तुला काही समजावून सांगायचं मनात होतं, पण आता मी ते सांगणं बरोबर नाही.

अपेक्षा


भवानी पेठ, सोलापूर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षास,

नोटीस आली. पोस्टमननं सही घेतली तेव्हा शेजारच्या दोघी दारात होत्या. "काय हो, कसलं आलं?" मी सांगितलं, तहसीलदारांचं बोलावणं आहे, चूक केली होती माझ्या हातानं. त्यांना पुढे विचारायला काही उरलं नाही.

माझं नाव लिहिलंस त्यात माफी कसली? ते मी आधीच लिहून दिलं होतं. तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. पूर्ण नाव म्हणजे त्यांचंही आलं. म्हणाले, "माझंबी नाव घातलं व्हय पोरीनं? मग मलाबी जायला पायजे." वीस तारखेला दुकान बंद ठेवणार आहेत. दुकान त्यांनी आजवर आजारपणातही बंद ठेवलं नाही.

मला भीती वाटते, ते लपवत नाही. रुपाली समोर बसेल. ती नाही म्हणाली तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. तिचंही काय चुकलं म्हणायचं? नवऱ्यानं सांगितलं ते तिनं केलं असेल. मी तिच्याकडे बघून, झालं तसं सांगणार. परत दिली हे सांगणार आणि आधी ठेवून घेतली हेही सांगणार. पहिलं खरं वाटायचं असेल तर दुसरं सांगायलाच हवं.

आम्ही सकाळच्या एसटीनं येऊ. तू स्टँडवर न्यायला येऊ नकोस. ऑफिसात दिसलीस तरी मी हाक मारणार नाही, तूही मारू नकोस. अप्पांना बजावून ठेवलं आहे. ते म्हणाले, "दोन वर्सं बोललो न्हाई, अजून एक दिस काय जड हाय?" आणि मग तोंड फिरवून बसले.

भाकरी बरोबर घेऊ, बाहेर खाणार नाही. तुझ्यासाठी मात्र डबा आणत नाही. शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, तुझ्या आवडीची कडक भाकरीही करता आली असती. पण त्या दिवशी माझ्या हातून तू काही घेताना कोणी बघायला नको.

तुझी आई